वाचकांचे प्रश्न : चर्च, पाळक आणि समाजमाध्यमे

प्रश्न : आमच्या चर्चच्या फेसबुक पानाची जबाबदारी पाळक या नात्याने माझ्याकडे आली आहे. ईस्टरच्या शुभेच्छांखाली एका बाईंनी लिहिले, ‘आई वारली तेव्हा चर्चमधून कोणी फिरकलेसुद्धा नाही.’ ते काढून टाकावे, असे मंडळीतील ज्येष्ठांचे म्हणणे आहे. शिवाय रात्री-अपरात्री लोक खासगी संदेश पाठवून मन मोकळे करतात. त्यांना कुठवर उत्तर द्यावे?

उत्तर : ते वाक्य काढू नका. शिवीगाळ, धमकी किंवा कोणाची बदनामी असेल तर मजकूर जरूर काढावा, पण ही तक्रार आहे आणि ती बहुधा खरीही असेल. ती पुसली, तर त्या बाईंना दुसऱ्यांदा दाराबाहेर उभे केल्यासारखे होईल आणि हे सारे न बोलता पाहणारे कितीतरी लोक त्यातून काय तो बोध घेतील. जोडलेल्या हातांचे चिन्ह टाकून मोकळे होण्याची हल्लीची रीतही इथे उपयोगाची नाही. त्याच ठिकाणी, सर्वांसमोर, दोन ओळींत दिलगिरी व्यक्त करावी, खुलासे देत बसू नये आणि ‘आपल्याला चालेल तेव्हा भेटायला येऊ का?’ असे विचारावे. पुढचे बोलणे मात्र चारचौघांत नको. बंधूचा अपराध त्याला एकांतात दाखवावा, हा बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील क्रम उलट बाजूने, म्हणजे अपराध आपला असतानाही, उपयोगी पडतो. व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने मे २०२३ मध्ये समाजमाध्यमांविषयी जे चिंतन प्रसिद्ध केले, त्याचा आधारही चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाची येशूने सांगितलेली गोष्ट, हाच आहे, आणि तो शोमरोनी जखमी माणसापाशी थांबला होता, हे विसरून चालणार नाही.

खासगी संदेशांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागेल. रात्री एक वाजता आलेल्या प्रत्येक संदेशाला लगेच उत्तर देणारा पाळक काही महिन्यांत थकतो आणि समोरच्यालाही त्याच्यावाचून झोप न येण्याची सवय लागते. म्हणून उत्तराच्या वेळा पानावर स्पष्ट लिहाव्यात. जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भाषा असेल, तर मात्र वेळ न पाहता फोन करावा आणि जवळच्या माणसांना व तातडीच्या मदतसेवेला कळवावे. अल्पवयीन मुलांशी एकट्याने खासगी संभाषण करू नये. पालकांच्या माहितीने आणि दुसरी जबाबदार व्यक्ती सामील असलेल्या गटातच बोलावे. पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे दिलेली पापांची कबुली, लेखी स्वरूपात स्वीकारू नये. इंटरनेटवर संस्कार, म्हणजे पापनिवेदनासारखे चर्चचे पवित्र विधी, होत नाहीत, असे कॅथलिक चर्चने २००२ सालीच स्पष्ट केले आहे, आणि संस्काराचा प्रश्न बाजूला ठेवला तरी लिहिलेल्या मजकुराचे छायाचित्र कोणाच्याही हाती पडू शकते. ‘अमुक भगिनींच्या कर्करोगासाठी प्रार्थना करा’ असे आवाहनही त्यांच्या संमतीशिवाय टाकू नये. हेतू कितीही चांगला असला तरी त्यांचा आजार जगजाहीर करण्याचा अधिकार मंडळीला नाही.

प्रश्न : पाळकाने स्वतःच्या खात्यावर राजकीय मते मांडावीत का?

उत्तर : अन्यायाविरुद्ध बोलणे वेगळे आणि पक्षाचा प्रचार करणे वेगळे. ‘ही माझी वैयक्तिक मते आहेत’ असे लिहिल्याने फारसा फरक पडत नाही, कारण वाचणाऱ्याला खात्यामागे पाळकच दिसतो, आणि विरोधी पक्षाला मत देणारा माणूसही रविवारी त्याच बाकावर बसलेला असतो.