गर्भाशय काढल्यावर गर्भ राहू शकतो का?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझे गर्भाशय काढले, अंडाशये ठेवली आहेत. आता गर्भ राहू शकतो का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : शक्यता अत्यंत विरळ आहे, पण शून्य नाही; गर्भाशय काढल्यावर गर्भ राहिल्याची पहिली नोंद १८९५ सालची आहे. शस्त्रक्रियेच्या वेळीच फलित बीज गर्भनलिकेत (अंडाशयाकडून गर्भाशयाकडे बीज नेणाऱ्या नळीत) असेल, तर गर्भ तेथेच वाढू लागतो आणि पुढील काही आठवड्यांत त्रास सुरू होतो. दोन वर्षांनंतर मात्र योनीच्या वरच्या टोकाला, टाक्यांजवळ राहिलेल्या सूक्ष्म छिद्रातून शुक्रजंतू पोटात पोहोचले, तरच हे घडू शकते. खरा धोका निदान हुकण्याचा आहे, कारण पाळीच नसल्याने गर्भाची शंका कोणाला, अगदी डॉक्टरांनाही, चटकन येत नाही. ओटीपोटात तीव्र वेदना, खांदेदुखी किंवा भोवळ आल्यास तत्काळ सीपीआर (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचे रुग्णालय गाठून, शस्त्रक्रियेची माहिती देऊन, बीटा एचसीजी (गर्भ आहे का हे सांगणारी रक्ताची) तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी.