इम्पोर्टनंतर डुप्लिकेट की? आधी सिक्वेन्स बघ

भावा, शिरोलीच्या फाउंड्रीचा डेटा नव्या सर्व्हरवर टाकल्यावर पहिल्याच चलानाची नोंद करताना डुप्लिकेट की एरर (हा आयडी टेबलात आधीच आहे) आली म्हणतोस, तर टेबलं परत ड्रॉप करत बसू नको, गडबड बहुतेक सिक्वेन्सची, म्हणजे पुढचा आयडी देणाऱ्या काउंटरची असणार. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये पीजी डम्प (बॅकअप काढायचं टूल) नुसता स्कीमा-ओन्ली, म्हणजे डेटा सोडून फक्त टेबलांचा ढाचा घ्यायला चालवलास की सिक्वेन्स तयार होतो पण त्याची चालू व्हॅल्यू येत नाही, कारण सेटव्हॅलची (सिक्वेन्सचा आकडा ठरवणारं फंक्शन) ओळ डेटाच्या भागात असते. मग तू रो (टेबलाच्या ओळी) सीएसव्ही फाइलीतनं आयडीसकट भरलास, टेबल 4200 वर गेलं आणि सिक्वेन्स बिचारा 1 वरच बसलाय, तो मागंपुढं बघतच नाही की.

आधी सिक्वेन्सची लास्ट व्हॅल्यू आणि टेबलातला मॅक्स आयडी शेजारी ठेवून बघ. सिक्वेन्स मागं असेल तर सेटव्हॅलमध्ये पीजी गेट सीरियल सिक्वेन्स या फंक्शननं सिक्वेन्सचं नाव काढून दे आणि मॅक्स आयडी दे, पुढचा नंबर 4201 मिळेल. सेटव्हॅलला तिसरा पॅरामीटर फॉल्स दिलास तर मात्र 4200 च परत येतो आणि एरर तिथंच, हे लई जण विसरतात. लाइव्ह सर्व्हर असेल तर इन्सर्ट थांबवूनच कर. आणि पीजी गेट सीरियल सिक्वेन्सनं नल (रिकामं उत्तर) दिलं तर समज सिक्वेन्स त्या कॉलमच्या मालकीचा नाही, ओन्ड बाय (मालकी जोडणारा आदेश) लावून घे.

जीएसटी इनव्हॉइसचे नंबर मात्र सिक्वेन्समधनं काढू नको मर्दा. रोलबॅक झाला, म्हणजे नोंद अर्ध्यात रद्द झाली तरी नंबर परत येत नाही, मधे गॅप पडतो, आणि तिथं तर सलग नंबर लागतो.