पीएस५ डिस्कवाला घ्यावा की डिजिटल? गेम डिस्कवर घेतलेले बरे की डाउनलोड करून?

तुम्ही लिहिलंय की घर डिचोलीला आहे, मुलाची दहावी झाली, गणेशचतुर्थीच्या आत पीएस५ (सोनीचा गेम खेळायचा कन्सोल) घ्यायचा आहे आणि ज्याला विचारावं तो सांगतो, 'डिस्कवाला घ्या, डिस्क निदान आपली असते.' या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहायला घेतलं. डिस्कवाला म्हणजे डिस्क वाचणारा ड्राइव्ह असलेला, डिजिटल म्हणजे ड्राइव्हच नसलेला. डिस्कवाला घ्या हा सल्ला बरोबर आहे, पण त्याचं दिलेलं कारण साफ चुकीचं आहे. त्या कारणापायी घेतलेल्या डिस्क कपाटात कुजतात.

माझं म्हणणं एवढंच: डिस्क घ्यायची ती विकण्यासाठी. जो गेम कायम ठेवायचा, तो डाउनलोड करून घ्यायचा. लोक नेमकं उलट करतात.

आधी पैशाचं बघू. २०२१ मध्ये पीएस५ भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० रुपयांना होता. पुढे बारीक बनावटीचा स्लिम पीएस५ आला तेव्हाही दोघांत अंतर दहा हजारांचंच होतं. आजचा भाव दुकानात विचारा, हिशोबाची पद्धत बदलत नाही. मोठा नवीन गेम ४,९९९ च्या आसपास पडतो. कथेचा गेम असेल तर मुलगा सुट्टीत पंधरवड्यात संपवणार. महिन्याच्या आत तो विकून समजा तीन हजार परत आले, तर चौथ्या गेमपाशी ड्राइव्हचे जादा दहा हजार वसूल. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही, शेजारच्याला चार दिवस देताही येत नाही. डिजिटलवाल्याकडे हत्यार एकच, सेल. वर्षभर थांबायची तयारी असेल तर तोच गेम निम्म्या किमतीत मिळतो. दहावी झालेल्या मुलाची तशी तयारी नसते, हे तुम्हाला सांगायला नको.

आता 'आपली असते' या वाक्याकडे येतो. फोंड्याला माझा मेहुणा आहे, तो गेल्या कित्येक वर्षांपासून हेच वाक्य ऐकवतो. डिस्क जमवतो, एकही विकत नाही. काचेचं कपाट केलंय आणि ते ठेवलंय कुठे, तर पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून. भिंत चिऱ्याची, पाऊस थेट तिच्यावर. जून ते सप्टेंबर ती ओल धरते, आणि बंद काचेआड हवा खेळत नाही. परिणाम असा: बॉक्समधला छापील कागद प्लॅस्टिकला चिकटला, आणि डिस्कच्या चकचकीत बाजूवर बुरशीचे पांढरट ठिपके आले. इथवर काही बिघडलं नव्हतं. डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेलं मायक्रोफायबरचं फडकं मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ ओढलं असतं तर ठिपके गेले असते. पण कुणीतरी टूथपेस्ट सुचवली आणि भाच्याने ती लावून डिस्क गोल गोल घासल्या.

टूथपेस्टचा हा उपाय डीव्हीडीच्या काळातला आहे. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असायचा, त्यामुळे वरचं प्लॅस्टिक थोडं घासून निघालं तरी चालायचं. पीएस४ (पीएस५ च्या आधीचा कन्सोल) आणि पीएस५ च्या डिस्क ब्लू-रे जातीच्या. त्यांत तो थर जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो आणि त्याच्या रक्षणासाठी वरून कडक लेप दिलेला असतो. टूथपेस्टमधली भुकटी तो लेपच धूसर करते. त्यात गोल घासणं सगळ्यांत वाईट. माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते. भोकाकडून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेरीत थोडीच माहिती खातो, ती चूक ड्राइव्ह भरून काढतो. मार्गाच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग तुकडा खातो, आणि मग गेम कॉपी होताना मध्येच अडकून बसतो. डिस्क पॉलिश करून देणाऱ्यांकडेही ब्लू-रे नेऊ नका, कारण तेच.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. त्या डिस्क वाचायच्या झटापटीत मेहुण्याच्या पीएस४ चा ड्राइव्हही कुरकुरायला लागला. एका दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या मेलेल्या पीएस४ मधला अख्खा ड्राइव्ह काढून बसवला आणि जुना भंगारात टाकला. पीएस४ आणि पहिल्या पीएस५ मध्ये ड्राइव्हवरचा सर्किट बोर्ड कारखान्यातच त्या एका मदरबोर्डशी (कन्सोलच्या मुख्य बोर्डशी) बांधलेला असतो. लेझर बदला, मोटर बदला, चालतं. बोर्ड मात्र मूळचाच राहायला हवा, नाहीतर कन्सोल एकही गेमची डिस्क स्वीकारत नाही. तेव्हा ड्राइव्ह दुरुस्तीला देताना पहिलं वाक्य हेच सांगायचं: जुना बोर्ड नव्या ड्राइव्हवर चढवा, आणि काढलेला प्रत्येक भाग मला परत द्या.

आज मेहुण्याकडे कपाटभर डिस्क आहेत आणि त्या वाचणारं यंत्र घरात नाही. त्याच पीएस४ वर सेलमध्ये डाउनलोड केलेले गेम मात्र सुरळीत चालतात. तरी हेका कायम: 'डिस्क माझ्या आहेत ना?' आहेत की!

मुळात पीएस५ गेम डिस्कवरून चालवतच नाही. डिस्क घातली की सगळी माहिती आतल्या एसएसडीवर (कन्सोलच्या साठवणुकीवर) कॉपी होते, खेळ तिथून चालतो, आणि डिस्क नुसती 'हा माणूस खरा' एवढं सांगायला ड्राइव्हमध्ये बसून राहते. म्हणजे डिस्क घेतली म्हणून जागा वाचत नाही. पहिल्या पीएस५ च्या ८२५ जीबीपैकी वापरायला ६६७ जीबीच मिळतात, आणि डिस्कवाला असो की डिजिटलवाला, दोघांची अडचण सारखीच.

शिवाय डिस्कवर गेम असेलच असंही नाही. पीएस५ च्या डिस्कवर १०० जीबीपर्यंत माहिती मावते, पण २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' च्या डिस्कवर १०० एमबीसुद्धा नव्हते, बाकी सगळं नेटवरून उतरवायचं. बॉक्सच्या पुढच्या बाजूला बारीक अक्षरांत 'डाउनलोड आवश्यक' किंवा 'इंटरनेट आवश्यक' असं इंग्रजीत छापलेलं असतं, ते वाचूनच पैसे द्या. हातात आलेली डिस्क पूर्ण आहे का ते बघायचं असेल तर सेटिंग्जमध्ये इंटरनेट बंद करा, डिस्क घाला, कॉपी पूर्ण होऊ द्या आणि सुरू करून बघा. पहिल्या प्रसंगाच्या पुढे खेळता आलं तर डिस्क बरीचशी कामाची.

आणि 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचं काय झालं ते मेहुण्याला कुणीतरी सांगा. तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. गेम नेटशिवाय चालतच नव्हता, त्यामुळे डिस्कवाले आणि डाउनलोडवाले एकाच दिवशी बाहेर पडले.

आता तुमच्या नेमक्या प्रश्नाचं. आज दुकानात दिसणाऱ्या स्लिम पीएस५ ला ड्राइव्ह वेगळा काढता-लावता येतो. आत्ता डिजिटल घेऊन पुढे ड्राइव्ह जोडता येईल. जोडताना एकदा नेट लागतं, तेवढं लक्षात ठेवा. पण ओळखीत कुणी जुना, पहिल्या बनावटीचा डिजिटल पीएस५ स्वस्तात देत असेल तर त्याला ड्राइव्ह कधीच बसणार नाही. मुलाच्या मित्रांकडे पीएस४ च्या डिस्क असतील तर आणखी एक: काही पीएस४ गेमचं पीएस५ रूप फुकटात किंवा थोड्या पैशांत मिळतं, पण तुमच्याकडे पीएस४ ची डिस्क असेल तर ती घालायला ड्राइव्ह हवाच.

डाउनलोडचा वेळ काढून बघा. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर साडेपाच तास घेतो, १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर हा विचारच सोडा. पावसात वीज गेली तर डाउनलोड जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं, पहिल्यापासून नाही. राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतो, त्याला छोटा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावून ठेवा. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघा.

डिजिटल गेम घेतल्यावर पहिल्याच दिवशी करायचं काम: सेटिंग्ज, त्यात यूजर्स अँड अकाउंट्स, मग अदर, मग कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले. हे सुरू नसेल तर नेट गेल्याबरोबर गेमवर कुलूप येतं, आणि लोक 'डिजिटलमध्ये काही अर्थ नाही' म्हणत सुटतात. ही सोय एका खात्याची एकाच पीएस५ वर सुरू ठेवता येते. ती सुरू असली की त्या यंत्रावरच्या बाकीच्या खात्यांनाही तुमचे गेम खेळता येतात. म्हणून खरेदीचं खातं तुमच्या नावावर उघडा, मुलाचं त्याखाली कुटुंब सदस्य म्हणून जोडा आणि खर्चाची मर्यादा घालून द्या. टू-स्टेप लॉगिन सुरू करा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. डिजिटलमध्ये खातं गेलं की सगळेच गेम गेले.

विकत घेतल्यावर लगेच डाउनलोड दाबू नका. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवसांत पैसे परत मागता येतात, पण डाउनलोड सुरू केलेलं नसेल तरच. कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या स्टीमवर नियम बरा आहे: १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला तर परत.

घरातलं कुणी बोटीवर किंवा आखातात असेल तर तिकडून डिस्क येणार, इथे ते चालतंच. पीएस५ वर कुठल्याही देशाची डिस्क चालते. अडतं ते पुढे पैसे देऊन घ्यायच्या जादा भागांपाशी, कारण ते डिस्कच्या प्रदेशाशी जुळावे लागतात. अमेरिकेतली डिस्क आणि भारतातलं खातं असं असेल तर इथून घेतलेला जादा भाग त्या डिस्कला लागत नाही. गिफ्ट कार्डही खात्याच्या देशाचंच हवं, दुबईचं कार्ड भारतीय खात्यात भरता येणार नाही.

डिस्क विकली तरी सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, यंत्रातच राहते. पुढे सेलमध्ये तोच गेम त्याच प्रदेशाचा डाउनलोड करून घेतला तर खेळ सोडला होता तिथून सुरू करता येतो. माझ्या मते ही सगळ्यांत शहाणी खरेदी: आधी डिस्क, मग विक्री, आणि खरोखर आवडलाच असेल तर दोन वर्षांनी स्वस्तात डाउनलोड. मात्र पीएस५ च्या गेमचं सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येत नाही, फक्त पीएस प्लस या सोनीच्या पैसे देऊन घ्यायच्या सदस्यत्वाच्या क्लाउडवर जातं.

ठेवायचा तो डाउनलोड करा म्हटलं, त्याला पुरवणी जोडायलाच हवी. डाउनलोड म्हणजे परवाना, मालकी नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून तसा कायदाच आहे, परवाना विकताना तसं स्पष्ट न सांगता नुसतं 'खरेदी' म्हणता येत नाही. ऑनलाइन दुकानंही बंद होतात: निन्टेंडोने आपल्या थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोलचं दुकान २७ मार्च २०२३ ला मिटवलं, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. आधी घेतलेले गेम त्यानंतरही उतरवता येत होते, नवीन खरेदी बंद झाली. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर जीओजी या ऑनलाइन दुकानातून घ्या. तिथे इन्स्टॉलर फाइलच मिळते, ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली की कुणाला विचारायला नको. पीएस५ ला यूएसबी ड्राइव्ह जोडून पीएस५ चे गेम त्यावर हलवता येतात, किमान २५० जीबीचा हवा. तिथून खेळता येत नाहीत, परत आत आणावे लागतात, पण पुन्हा १०० जीबी उतरवण्यापेक्षा ते बरं.

ज्यांना डिस्क ठेवायच्याच आहेत त्यांनी कपाट आतल्या भिंतीला लावावं आणि डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात उभ्या ठेवाव्यात. आत केशरी दाण्यांची सिलिका जेल टाका. ओल शोषली की दाणे हिरवे होतात, तेव्हा पुडीतून काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा केशरी.

म्हापशात किंवा मडगावात जुनी डिस्क घेताना मोबाइलचा टॉर्च तिरका धरून चकचकीत बाजू बघा, आणि मधल्या भोकाभोवती बारीक तडा आहे का ते नखाने चाचपा. तडा असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. बॉक्समधले कोड आधीच्याने वापरलेले असतात, त्यांचे पैसे धरू नका. आणि मुलगा फुटबॉलच मागणार, गोव्यातला आहे. ती डिस्क जुलैतच विकून टाका. सप्टेंबरअखेर नवा भाग आला की जुन्याला कुणी विचारत नाही.