परदेशांनी कर्ज एकदम परत मागितले तर भारताचे काय होईल?

आपला प्रश्न असा आहे की भारतावर परदेशांचे सातशे अब्ज डॉलरहून अधिक कर्ज असताना त्या देशांनी ते उद्याच परत मागितले, तर आपले दिवाळे निघेल का. मी अर्थतज्ज्ञ नाही. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचा हिशेब लिहितो.

मार्च 2025 अखेर हे कर्ज सुमारे 736 अब्ज डॉलर होते, परंतु त्यातला सरकारचा वाटा चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे. बाकीचे मुख्यतः कंपन्यांचे आणि बँकांचे. दुबईतला माझा मावसभाऊ इथल्या बँकेत अनिवासी खात्यावर ठेवतो ती रक्कमही त्यातच धरली जाते. सरकारी कर्जाच्या मुदती लांबच्या असतात. बुलेट ट्रेनसाठी जपानने दिलेले कर्ज तर 50 वर्षांच्या मुदतीचे आणि 0.1 टक्के व्याजाचे आहे. हप्ते थकले नसतील तर अशी रक्कम मुदतीआधी मागता येत नाही.

खरी भीती निराळी आहे: कर्ज डॉलरमध्ये आणि कमाई रुपयांत असण्याची. आम्ही 2013 मध्ये चीनहून रेपियर (बिनधोट्याचे) माग उधारीवर आणले, तेव्हा डॉलर 55 रुपयांच्या आसपास होता आणि ऑगस्टअखेर तो 68 च्या पुढे गेला. चिनी विक्रेत्याने एक डॉलरही वाढवून मागितला नाही, तरी आमचा हप्ता जवळजवळ पावपट वाढला, कारण आमचा माल देशातच खपत होता. शेजारचा कारखानदार टॉवेल परदेशी पाठवत असे. त्याची कमाईच डॉलरमध्ये असल्याने त्याला झळ बसली नाही. देशाचेही असेच असते. 1991 मध्ये आयातीपुरते डॉलरही उरले नाहीत, तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे 47 टन सोने परदेशात गहाण ठेवावे लागले.

राहिला प्रश्न सावकार देशाने मुद्दाम कोंडी करण्याचा. आमचा सूत व्यापारी थकबाकीवरून कितीही तणतणला तरी माग उचलून नेत नाही, कारण माग थांबले तर त्याचे सूत घेणार कोण? चीनकडे 2013 मध्ये अमेरिकी सरकारचे सुमारे 1,300 अब्ज डॉलरचे रोखे, म्हणजे त्या सरकारला दिलेले कर्ज, होते. ते त्याने एकदम बाजारात ओतले असते तर भाव कोसळून त्याच्याच उरलेल्या रोख्यांची किंमत घटली असती आणि त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईकही अडचणीत आले असते. म्हणून त्याने ते हळूहळू कमी केले. अर्थात लहान देशाला इतका आधार नसतो, हे 2022 मध्ये डॉलर संपून परदेशी कर्जफेड थांबवावी लागलेल्या श्रीलंकेच्या बाबतीत दिसले.

म्हणून एकूण आकड्याऐवजी अल्पमुदतीचे कर्ज आणि गंगाजळी, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडचा परकीय चलनाचा साठा, यांची तुलना पाहावी. मार्च 2025 अखेर मूळ मुदत वर्षभरापर्यंत असलेले कर्ज सुमारे 134 अब्ज डॉलर होते आणि गंगाजळी सुमारे 668 अब्ज. मला त्याहून अधिक काळजी वाटली ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले तेव्हा. कारण आमच्या वसाहतीत डॉलर येतात ते टॉवेल विकूनच.