'स्टोअर' म्हणजे साठवा की ठेवून द्या?

अमेरिकेतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या आरव्हीत, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत, दाराजवळ बॅटरीचं बटण आहे. एका बाजूला 'यूज', दुसऱ्या बाजूला 'स्टोअर'. कॅम्पग्राउंडच्या विजेवर बॅटरी चार्ज करताना बटण कुठे हवं?

'यूज'वर. अनेकांना हे उलटं वाटतं आणि त्यात वाचणाऱ्याचा काहीही दोष नाही. दोन्ही शब्द आज्ञार्थी आहेत आणि दोन्हींचं कर्म गाळलेलं आहे. बटण बॅटरीचं, म्हणून आपण कर्म भरतो ते विजेचं: वीज वापरा, वीज साठवा. पाटी करणाऱ्याच्या मनात मात्र गाडी आहे. ती वापरायची आहे, की हिवाळाभर उभी करून ठेवायची आहे? 'स्टोअर' केलं की बॅटरीचा आतल्या दिव्यांशी, पंपाशी संबंध तुटतो. बऱ्याच गाड्यांत चार्जरही त्या तुटलेल्या बाजूलाच असतो, त्यामुळे बाहेरची वीज जोडूनही बॅटरीत काही जात नाही.

मराठीत हा घोळ होत नाही. धान्य, पाणी, वीज आपण साठवतो. रोज न लागणारी वस्तू ठेवून देतो. ठेवणीतल्या साडीला कुणी 'साठवलेली' म्हणत नाही. म्हणून मी पाटी 'गाडी वापरात' आणि 'गाडी ठेवणीत' अशी करेन. 'जोडलेली' आणि 'तोडलेली' ही जोडी अर्थाने नेमकी आहे, पण 'तोडलेली' वाचून बॅटरीच मोडली की काय असं वाटेल.

काही मोटरहोममध्ये, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीत, बटण दाबून सोडलं की मधोमध परत येतं. जागा बदलतो तो मागचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, 'खट्' असा आवाज करून. तिथे पाटी कितीही चांगली असली तरी आत्ताची स्थिती तिच्यावरून कळत नाही. मग बॅटरीच्या टोकांना व्होल्टमीटर लावावा. साध्या 12 व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर 13 च्या वर आकडा दिसला तर चार्जिंग चालू आहे. नुसती भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते.

थंड प्रदेशात हे तपासाच. भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी कडाक्याच्या थंडीतही सहसा गोठत नाही, उतरलेली मात्र गोठून फुटू शकते. शिवाय गॅसगळतीचा डिटेक्टर बहुतेकदा या बटणाला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेला असतो आणि 'स्टोअर'मध्येही थोडी थोडी वीज ओढत राहतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून तिची ऋण टोकाची वायरच काढून ठेवा.