विचारा तर खरं : वारा पडेपर्यंत

किनाऱ्याकिनाऱ्याने मोटरबोट नेणाऱ्या वाचकांची या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत : हवा बिघडली, बोट आडोशाला थांबली, आता काय? उत्तरं देताना ७ ते ११ मीटर लांबीची, झोपायला जागा असलेली बोट डोळ्यांसमोर ठेवली आहे.

प्रश्न : अंदाजात “वारा १५ नॉट (म्हणजे तासाला १५ सागरी मैल), लाट दीड मीटर” असं वाचून निघतो. कधी प्रवास सुखाचा होतो, तर कधी तेच आकडे असूनही बोट आपटून आपटून हाडं खिळखिळी होतात. मग निघायचं की थांबायचं, हे कशावरून ठरवायचं?

उत्तर : तुम्ही तिसरा आकडा वाचत नाही आहात : लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ, म्हणजे सेकंदांत दिलेला कालावधी. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर कालावधीचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणायचं. ५ सेकंदांची लाट साधारण ३९ मीटर लांब, तर १० सेकंदांची १५६ मीटर. दीड मीटर उंची दोन्हीकडे सारखीच. पण पहिलीत उभी भिंत समोर येते आणि दुसरीत बोट नुसती वर जाते, खाली येते. लहान बोटीला दीड मीटर नि ५ सेकंद म्हटलं की आम्ही थांबा म्हणू.

बाकीच्या दोन आकड्यांतही गोम आहे. १५ नॉट ही सरासरी, झपाटे त्याच्या ४० टक्के वर, म्हणजे २१ पर्यंत जाऊ शकतात. लाटेची दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे काही तासांच्या प्रवासात तिच्या जवळपास दुप्पट उंचीची एखादी लाट भेटणारच. शिवाय प्रवाह वाऱ्याच्या उलट वाहत असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. वारा तोच, जागा तीच, फक्त पाणी फिरलं म्हणून तासाभरात समुद्र ओळखू येत नाही.

हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असेल तर दर तासाला वाचून वहीत लिहा. ३ तासांत ४ हेक्टोपास्कलची (हे दाबाचं एकक) घसरण म्हणजे दाब वेगाने उतरतोय, ६ च्या वर गेली तर नांगराकडे किंवा दोरांकडे जायची वेळ झाली. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत मात्र एक सावधगिरी हवी. तिथे दाब रोजच दोनदा चढतो-उतरतो (सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी ४ च्या सुमारास खाली) आणि हा फरक ३ हेक्टोपास्कलच्या आसपास असू शकतो. म्हणून तिथे आजच्या ४ वाजताच्या दाबाची तुलना कालच्या ४ वाजताच्या दाबाशी करायची, सकाळी १० च्या दाबाशी नाही.

प्रश्न : आडोशाच्या खाडीत नांगर टाकून रात्र काढायची आहे. ३० नॉटचा अंदाज आहे. साखळी किती सोडावी? मागच्या वेळी २० मीटर सोडूनही नांगर घसरत गेला.

उत्तर : २० मीटर पुरेशी की नाही, हे पाणी किती यावर आहे, आणि इथे हिशेब बहुधा चुकलेला असतो. नांगर टाकताना खोली मापकावर ४ मीटर दिसली. भरतीला अजून २ मीटर पाणी चढणार. साखळी बोटीवरून जिथून बाहेर पडते ती जागा पाण्याच्या १ मीटर वर. म्हणजे मोजायचे ७ मीटर, ४ नव्हे. (मापकाचा डोळा बोटीच्या तळाला असेल, तर त्याच्यावरचं पाणीही मिळवा.) वादळी रात्री पूर्ण साखळी असेल तर याच्या ७ पट, म्हणजे ४९ मीटर. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर ८ ते १० पट. ४ मीटरच्या पाचपट २० हा हिशेब शांत दुपारी चालून जातो. रात्री भरती आली की तेच प्रमाण ३ वर येतं, ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर उपटला जातो.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ नॉटला धरलेला नांगर ३० नॉटला चौपट ओढ सोसत असतो. म्हणून तो आधीच ओढून बघायचा. बोट पूर्ण थांबली की नांगर तळाला टेकवा, वाऱ्याने मागे जाऊ द्या, खोलीच्या तिपटीइतकी साखळी गेल्यावर क्षणभर अडवा म्हणजे फाळ तळात शिरतो, मग बाकीची सोडा. आता इंजिन उलट्या गिअरमध्ये, आधी मंद. बाजूला किनाऱ्यावरच्या दोन स्थिर खुणा एका रेषेत धरा, झाड आणि त्यामागचा खांब असं काहीही चालेल. हळूहळू डिझेल इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांपर्यंत न्या आणि अर्धा मिनिट ठेवा. खुणा एकमेकींपासून सरकल्या नाहीत तर नांगर धरलाय. साखळीवर हात ठेवला तर घसरणारा नांगर खडखडत असल्याचं कळतं. चिखल, वाळू चांगली. गवताळ तळावर फाळ मुळांतच अडकून धरल्यासारखा वाटतो आणि मध्यरात्री गवताच्या गठ्ठ्यासकट सुटतो.

साखळी थेट ती ओढणाऱ्या यंत्रावर अडकवून झोपू नका. ३० नॉटला साखळीचा झोल जवळजवळ संपतो आणि प्रत्येक लाटेचा झटका सरळ नांगराला बसतो. ८-१० मीटर लांब, १२ मिलिमीटर जाड, तीन पेडी नायलॉनचा दोर साखळीला आकड्याने किंवा गाठीने जोडा, दुसरं टोक बोटीच्या खुंट्याला बांधा आणि साखळी इतकी सैल करा की सगळा भार दोरावर येईल. नायलॉन ताणलं जातं, झटका पिऊन टाकतं. जाड दोर अधिक चांगला, हा गैरसमज; २० मिलिमीटरचा दोर अशा बोटीला ताणलाच जात नाही.

मोटरबोटीचं पुढचं तोंड उंच आणि पाण्याखालचा भाग उथळ, म्हणून ती नांगरावर डावी-उजवी पळत राहते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी झटका देते. दोन्ही खुंट्यांवरून दोन दोर साखळीला जोडून इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार केला तर हे पुष्कळ कमी होतं. पुढची ताडपत्री, छत, पडदे काढून ठेवा. छोटी होडी मागे बांधून ठेवू नका, ती झपाट्यात उलटते. तिचं इंजिन आधी उतरवा आणि होडी वर घ्या.

जीपीएसवर नांगराचा इशारा लावताना केंद्र नांगर पडला तिथे हवं, बोट आता आहे तिथे नाही. ते नेमकं नांगर टाकतानाच नोंदवायचं. नंतर अंदाजाने लावलं तर रात्रभर उगाच वाजत राहतं, मग कुणीतरी वैतागून बंद करतं.

प्रश्न : आडोसा उत्तम असलेली जागा पहाटेपर्यंत उघडी पडली. वारा फिरणार हे आधी कसं कळावं?

उत्तर : अंदाजात वाऱ्याचा वेग वाचता तशीच दिशाही पुढच्या २४ तासांसाठी दर ३ तासांची लिहून काढा, आणि आत्ताच्या वाऱ्यापेक्षा नंतरच्या वाऱ्यासाठी जागा निवडा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला असतं, दक्षिण गोलार्धात उजव्या. त्यावरून केंद्र कुठून कुठे चाललंय याचा अंदाज येतो. मध्य अक्षांशांत उत्तर गोलार्धात थंड हवेची आघाडी गेली की वारा नैऋत्येचा वायव्येला जातो, तोही बऱ्याचदा झपाट्यासरशी, मिनिटांत. जागा बदलायची तर उजेड असताना आणि वारा हलका असतानाच.

प्रश्न : बंदरात धक्क्याला बांधलेल्या बोटीचा नवा, जाड दोर तुटला. दोर खराब होता का?

उत्तर : तुटलेलं टोक बघा. धक्क्याच्या कडेला किंवा बोटीवरच्या दोर-वाटेत घासला जातो तिथेच तुटला असेल, आणि तसं असेल तर दोरात काही खोट नव्हती. वादळात दोर तुटतात ते बहुतेक घासून. घासणाऱ्या जागी जुन्या अग्निशामक पाइपाचं कापड किंवा जाड कॅनव्हास गुंडाळून सुतळीने शिवून टाका. प्लॅस्टिकची नळी घालू नका. पाणी आत शिरत नाही, घर्षणाची उष्णता कोंडते आणि नायलॉन आतल्या आत वितळतं.

पुढचा आणि मागचा दोर बोटीला धक्क्याजवळ ठेवतात, पुढे-मागे धावण्यापासून रोखतात ते तिरपे लांब दोर. ते दोन्ही दिशांना हवेतच. प्रत्येक महत्त्वाचा दोर दुहेरी, पण वेगळ्या खुंट्यावर. आणि पाण्याची पातळी विसरू नका. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर चढतो, ३० उतरला तर ३० सेंटिमीटर. वर वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी वेगळं. तरंगता धक्का नसेल तर उधाणाच्या भरतीला दोर कमी पडून बोट खाली ओढली जाते, किंवा फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला टांगलेले फुगे) धक्क्याच्या कठड्यावर चढून निरुपयोगी होतात.

प्रश्न : दोन दिवस थांबून निघालो आणि बंदराच्या तोंडाशीच डिझेल इंजिन बंद पडलं. आधी तासभर नीट चालवून बघितलं होतं.

उत्तर : धक्क्याला उभ्या बोटीत टाकी हलत नाही, म्हणून तो तास काही सांगत नाही. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला गाळ, पाणी आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर वाढणारी बुरशी पहिल्या मोठ्या लाटांत घुसळून निघते आणि फिल्टर काही मिनिटांत तुंबतो. इंजिन आधी फेऱ्या गमावतं, मग पुन्हा धरतं, मग बंद. हा क्रम आठवत असेल तर निदान जवळजवळ पक्कं.

थांबलेल्या दिवसांतलं सर्वांत मोलाचं काम हेच. इंजिन बंद, इंधनाचा कॉक बंद. फिल्टरच्या वाटीतलं डिझेल पारदर्शक बरणीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली वेगळं दिसेल. काळा चिकट गाळ असेल तर फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उघडून साफ करावी लागेल. नवा फिल्टर बसवताना रबरी कडंही नवं घ्या, त्याला बोटाने डिझेल लावा. जुनं कडं ठेवलं तर तिथून इंधन गळत नाही, हवा आत ओढली जाते, आणि ती शोधताना माणूस रडकुंडीला येतो. फिल्टर स्वच्छ डिझेलने काठोकाठ भरा. कॉक उघडा, इंजिनावरच्या फिल्टरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा, हातपंप मारत राहा; बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की वाहतानाच स्क्रू आवळा. कॉमन रेल इंजिन (सगळ्या सिलिंडरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणारं) असेल तर उच्च दाबाच्या नळ्यांना हात लावू नका, तिथली चिळकांडी कातडीतून आत घुसते. मग धक्क्याला पक्कं बांधून, गिअरमध्ये, भाराखाली २० मिनिटं चालवा.

टाकीनंतरचा पहिला फिल्टर १० किंवा ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठेवा. बारीक गाळण इंजिनावरच्या फिल्टरचं काम. पहिल्याच जागी २ मायक्रॉनचा बसवला तर तो उगाच लवकर तुंबतो. किमान ३ सुटे फिल्टर सोबत हवेत, कारण घाणेरडी टाकी एकावर थांबत नाही.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. इंजिन धरत नाही म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा फिरवला की थंड करणारं समुद्राचं पाणी धुराच्या नळीत साठत जातं. ते बाहेर ढकलायला धूर नसतो, मग ते मागे सिलिंडरमध्ये शिरतं. बराच वेळ स्टार्टर मारायचा तर समुद्राच्या पाण्याचा झडप-कॉक बंद करा, आणि इंजिन धरलं की तत्क्षणी उघडा. चावी कॉकवरच टांगून ठेवली तर विसरायला होत नाही.

प्रश्न : पाऊस, दारं-खिडक्या बंद, आत चार माणसं. बॅटरी आणि हवा, दोन्हींची काळजी वाटते.

उत्तर : हवेची आधी करा. आत शेगडी, हीटर किंवा जनरेटर चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र झोपायच्या जागेपाशी हवंच; या वायूला रंग नाही, वास नाही, आणि डोकेदुखी-मळमळ आली की सगळे ती बोट लागल्यामुळे आली असं समजतात. पाठीमागून वारा असताना इंजिन चालवलं तर धूर मागच्या दारातून आत ओढला जातो. वाऱ्याच्या आडोशाची एक फट कायम उघडी ठेवा.

१२ व्होल्टची साधी शिशाची बॅटरी विश्रांतीत १२.७ दाखवते तेव्हा भरलेली, १२.२ ला निम्मी. त्याखाली नेऊ नका. १०० अँपिअर-तासांतले वापरायचे ५०. फ्रिज त्यातले बहुतेक खातो, नांगराचा एलईडी दिवा नगण्य. इंजिन सुरू करायची बॅटरी दिवे-फ्रिज चालवणाऱ्या बॅटरीपासून वेगळी केली नसेल तर या प्रश्नाचं बाकीचं उत्तर वाचून फायदा नाही, आधी ते करा.

प्रश्न : वारा सकाळी पडला. पाहुण्यांना संध्याकाळपर्यंत पोहोचायचं आहे. वाट नदीच्या मुखातून, वाळूच्या दांड्यावरून जाते. निघावं का?

उत्तर : वारा पडला म्हणजे समुद्र पडला असं नाही. आखूड लाटा काही तासांत बसतात, लांब लाटा दिवसभर किंवा जास्त येत राहतात, आणि उथळ दांड्यावर त्याच उभ्या राहून फुटतात. बाहेरून आत येताना फुटणाऱ्या लाटांची पाठ दिसते, म्हणून ते सौम्य वाटतं. आतून बाहेर जाणाऱ्याला त्या समोरून दिसतात, हा त्याचा फायदा. उंच जागी उभं राहून १५ मिनिटं लाटा मोजत बसा. ओहोटीला तर मुळीच नाही. नदीचं पाणी लाटांच्या उलट बाहेर धावतं आणि दांड्यावर खोलीही कमी होत जाते. भरतीचा शेवटचा तास आणि त्यानंतर पाणी थांबलेलं असतानाची वेळ, तीही दिवसा. भरतीचं पाणी सहा तासांत साधारण १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्श्यांनी चढतं, म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं, त्यामुळे प्रवाहही तेव्हाच सर्वांत जोराचा.

इंधन मोजताना जायला एक तृतीयांश, यायला एक तृतीयांश, उरलेलं राखीव. खडबडीत पाण्यात वेग कमी केला की खर्च कमी होईल हे गृहीत धरू नका. समजा बोट २० नॉटला तासाला ४० लिटर घेते, म्हणजे सागरी मैलाला २. तीच तोंड वर करून १० नॉटने पाणी ढकलत चालली आणि २८ लिटर घेतले, तर मैलाला २.८ झाले.

पाहुण्यांचं म्हणाल तर त्यांना रस्त्याने पाठवा. बोट तिथेच राहू द्या, दोरांवर लक्ष ठेवायला एक माणूस ठेवा, आणि स्वतः उद्या सकाळची भरती किती वाजता आहे ते बघा.