आईची शीर सापडत नाही, दर वेळी दोन-तीनदा टोचतात आणि हात काळानिळा होतो. तपासणीसाठी रक्त देताना त्रास कमी व्हावा म्हणून काय करता येईल?

सत्तरीच्या पुढे त्वचा सैल होते, त्यामुळे शीर दिसली तरी सुईखालून निसटते. तुमच्या आईंचा हात दर वेळी काळानिळा होतो म्हणता, त्याचं हे एक कारण असू शकतं. रक्त घेणाऱ्याने टोचायच्या जागेच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरवर अंगठ्याने त्वचा ताणून धरली, तर शीर जागची हलत नाही. घाईत नेमकं हेच राहून जातं.

घरून निघण्याआधी दोन पेले पाणी पाजा. उपाशीपोटी तपासणी असली तरी साधं पाणी चालतं, चहा-दूध नाही. (किडनी किंवा हृदयासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर तेवढंच.) हात गार असेल तर कोपराच्या खोबणीवर कोमट ओला टॉवेल तीन ते पाच मिनिटं ठेवा आणि हात खाली सोडून बसवा.

दंडाला बांधायचा पट्टा कोपराच्या वर चार बोटांवर, आणि एका मिनिटाच्या आत सुटलेला हवा. मूठ एकदा हलकी मिटली की पुरे. 'मूठ उघडझाप करा' ही सवय मला मुळीच पटत नाही, कारण त्याने पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. शिरेवर चापट्या मारणंही नको.

चुरचुरतं ते बरेचदा स्पिरिटमुळे. ते ओलं असतानाच टोचलं की सुईबरोबर आत जातं. तीस सेकंद आपोआप सुकू द्यायचं, फुंकर घालायची नाही.

बारीक शिरेसाठी २३ नंबरची बटरफ्लाय (दोन पंखांची, नळी जोडलेली) सुई मागा. नेहमीची २१ची असते आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. मात्र बारीक सुईला मोठी सिरिंज लावून जोरात ओढलं तर लाल पेशी फुटतात, नमुना वाया जातो आणि पुन्हा टोचणं आलं. कोपरात मधली शीर पहिली पसंती. करंगळीच्या बाजूची अगदी शेवटी, कारण तिच्याजवळच धमनी आणि मज्जातंतू (नर्व्ह) असतो. विजेचा झटका बसल्यासारखी कळ आली तर लगेच सांगायचं. सुई तिथल्या तिथे काढायला हवी. एका माणसाने दोनदाच प्रयत्न करायचा, तिसऱ्यांदा माणूस बदला म्हणायला संकोचू नका.

बधिर करणारं मलम मिळतं, पण ते तासभर आधी लावावं लागतं आणि त्याने शीर थोडी आकसू शकते. शीर मुळात सापडतच नसेल तर मी ते सुचवणार नाही.

सुई निघाल्यावर कापूस ठेवून हात कोपरात दुमडायला सांगतात, तिथेच काळंनिळं व्हायला सुरुवात होते. हात सरळ ठेवून तीन मिनिटं दाबून धरा, न चोळता. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पाच मिनिटं, आणि त्यानंतरही कापूस उचलून एकदा बघून घ्या.